महालक्ष्मीचं रेसकोर्स राहणार की जाणार?

महालक्ष्मी रेसकोर्सच्या बातम्या गेली काही वर्षं सतत येत आहेत, पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. एक बातमी सांगते, तिथे भलंमोठं उद्यान होणार. दुसरी सांगते, शर्यती चालूच राहणार, त्या भरवणाऱ्या क्लबला तीस वर्षांचा भाडेपट्टा मिळणार. तिसरी सांगते, घोड्यांच्या शर्यतींवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. ज्याने आयुष्यात कधी रेस पाहिली नाही, त्याने यातून काय समजायचं? रेसकोर्स वाचलं की संपलं?

आज यातलं काहीच ठामपणे म्हणता येत नाही, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली चर्चेला येतात. एक जमिनीचा, दुसरा शर्यतींच्या पैशाचा. जमिनीवर रस्सीखेच होते, मोर्चे निघतात, नेते बोलतात, त्यामुळे तो प्रश्न सगळ्यांना दिसतो. पैशाचा प्रश्न करनियमांच्या किचकट भाषेत दडलेला आहे. माझं मत असं आहे की रेसकोर्सचं भवितव्य यापुढे हा दुसरा प्रश्न ठरवणार आहे, आणि तो नीट समजून न घेता आपण फक्त पहिल्यावर भांडत बसलो तर मुंबईच्या मध्यावरच्या, क्लबकडे राहणार असलेल्या ९१ एकरांचा निर्णय आपल्या नकळत होऊन जाईल.

जमीन कोणाची, क्लब कोण

मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. अठराव्या शतकात बांध घालून वरळीकडून आत येणारा समुद्र अडवल्यावर जो सखल, पाणथळ पट्टा मोकळा झाला, त्यावर हे मैदान उभं राहिलं. आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर झाली. धावपट्टी लंबगोल, सुमारे २,४०० मीटरची. ग्रँडस्टँड आज वारसा वास्तूंच्या यादीत आहे.

इथल्या शर्यती चालवतो तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. स्थापना १९२५ची, नावातलं ‘रॉयल’ १९३५चं. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या शर्यतीही हाच क्लब भरवतो. पावसाळ्यात शर्यती पुण्याला आणि साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत, असा क्रम असल्याने घोडे, त्यांवर स्वार होणारे जॉकी, त्यांना तयार करणारे ट्रेनर आणि त्यांची देखभाल करणारे सईस असा सगळा लवाजमा दर वर्षी घाट चढतो आणि उतरतो. देशातली सगळ्यात मानाची शर्यत, इंडियन डर्बी, महालक्ष्मीलाच होते. पहिली डर्बी १९४३ मध्ये झाली आणि ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली.

महत्त्वाची गोष्ट ही की जमीन क्लबच्या मालकीची नाही. एकूण जागा सुमारे २११ एकर. त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास राज्य सरकारची, उरलेली मुंबई महापालिकेची. क्लब भाडेकरू आहे. त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत ३१ मे २०१३ला संपली आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ नवा करार झाला नाही. ज्या जागेवर आपण उद्या असू की नाही हे माहीत नाही, तिथे कोणी नवे तबेले बांधत नाही, धावपट्टीवर मोठा खर्च करत नाही. भाडेपट्ट्याखेरीज शर्यतींसाठी सरकारचा परवानाही लागतो. त्याचा कायदा १९१२चा आहे. थोडक्यात, क्लबच्या दोन्ही नाड्या सरकारच्या हातात.

२०२४ मध्ये काय ठरलं

जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांपुढे प्रस्ताव आला: १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी सोडायचे, ९१ एकर क्लबकडे ठेवायचे आणि त्यावर २०५३ पर्यंत भाडेपट्टा घ्यायचा. मतदानात सातशेच्या आसपास सभासदांनी भाग घेतला आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांनी होकार दिला. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे १२० एकर आणि किनारी रस्त्यालगत भराव टाकून मिळालेली सुमारे १७५ एकर जागा भुयारी मार्गाने जोडायची आणि जवळजवळ ३०० एकरांचं ‘मुंबई सेंट्रल पार्क’ करायचं, अशी ही योजना आहे. धावपट्टी क्लबच्या वाट्याच्या ९१ एकरांत राहते.

सार्वजनिक जमिनीचं काय व्हावं यावर आधी एका खासगी क्लबच्या काही शे सभासदांनी मतदान केलं आणि त्यानंतर शहराला निर्णय कळला, ही गोष्ट मला खटकते. उद्यान हवंच आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे एक माणूस धड पाय पसरून झोपू शकणार नाही इतकी. पण शहराच्या एवढ्या मोठ्या जागेची विल्हेवाट लावण्याची सुरुवात लोकांच्या सुनावणीने व्हायला हवी होती.

तरीही जमिनीचा वाद निदान करारापर्यंत आला. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. तोच कमी लोकांना कळतो, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

शर्यतीतला पैसा येतो कुठून

तिकीटविक्रीतून किंवा टीव्हीच्या हक्कांतून रेसकोर्स चालत नाही. ते चालतं पैजांवर. रेसकोर्सवर पैज दोन प्रकारे लागते: परवानाधारक बुकींकडे, जे घोड्याचा भाव, म्हणजे तो जिंकल्यास किती पैसे मिळतील ते, आधी सांगतात, किंवा टोटवर. टोट म्हणजे टोटलायझेटर, सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा करणारी यंत्रणा.

टोट समजायला भिशी आठवा. सगळ्यांनी आपापला हप्ता भरला, मोठी रक्कम जमली, भिशी सांभाळणाऱ्याने ठरल्याप्रमाणे आपलं थोडं कमिशन कापलं आणि उरलेली रक्कम ज्याचा नंबर लागला त्याला दिली. टोटमध्ये नंबर लागतो तो जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांचा, आणि ते ती रक्कम आपापल्या पैजेच्या प्रमाणात वाटून घेतात. कोणता घोडा जिंकला याने क्लबला काही फरक पडत नाही. त्याला त्याचं कमिशन तेवढं मिळतं.

या कमिशनवर पुढची सगळी साखळी उभी आहे. त्यातून बक्षिसांची रक्कम निघते. रेसच्या भाषेत तिला स्टेक म्हणतात. स्टेक जिंकण्याच्या आशेवर मालक घोडा विकत घेतो. मालक दर महिन्याला ट्रेनरचे पैसे भरतो, आणि त्यातून सईसाचा पगार, नालबंदाचं काम, चंदी-चारा, डॉक्टर हे सगळं निघतं. घोडा वर्षात मोजक्याच वेळा धावतो, पण खातो रोज. घोड्यांची संख्या चांगली असेल तर एका शर्यतीत दहा-बारा घोडे उतरतात, निकाल सांगणं अवघड होतं आणि लोक उत्साहाने पैज लावतात. घोडे कमी झाले की शर्यतीत पाच-सहाच उरतात, त्यातला कोण जिंकणार हे सगळ्यांना आधीच दिसतं, आणि पैज लावण्यात मजा राहत नाही. एकदा हे चक्र उलटं फिरू लागलं की ते थांबवणं फार कठीण जातं.

मग करामुळे नेमकं बिघडलं काय

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि शर्यतींच्या पैजांवर २८ टक्के दर लागला. नुसत्या दराने इतकं नुकसान झालं नसतं. खरा घोळ आहे तो कर कशावर मोजायचा यात. भिशीतलं कमिशन हे सांभाळणाऱ्याचं उत्पन्न, जमलेली रक्कम त्याची नव्हेच, ती भरणाऱ्यांची. पण शर्यतींच्या बाबतीत नियमाने कर कमिशनवर न लावता पैजेच्या पूर्ण रकमेवर लावला.

हिशोब करून पाहू. दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपयांची पैज लावली. जमले १,००० रुपये. क्लबचं कमिशन, हिशोबापुरतं, १५० रुपये धरू. म्हणजे विजेत्यांना परत जाणार ८५० रुपये.

आता ४० टक्के कर पूर्ण रकमेवर धरला तर कराचे झाले ४०० रुपये. दहा जणांच्या खिशातून गेले १,४००, परत आले ८५०. तोच ४० टक्के कर क्लबच्या १५० रुपये कमिशनवर धरला तर कराचे होतात ६० रुपये. खिशातून जातात १,०६०, परत येतात ८५०. दर तोच, पण फरक आकाशपाताळाचा.

आणि हे एका शर्यतीचं झालं. रेसच्या दिवशी सात-आठ शर्यती असतात आणि जिंकलेला माणूस तेच पैसे पुढच्या शर्यतीवर लावतो. प्रत्येक वेळी त्याच पैशावर पुन्हा पूर्ण कर. हे दहा जण मिळून १,४०० रुपये घेऊन आले आणि परत आलेली रक्कम पुढच्या शर्यतीवर लावत गेले, तर चौथ्या शर्यतीनंतर सगळ्यांकडे मिळून सुमारे १९० रुपये उरतात. कर फक्त कमिशनवर असता तर सुमारे ५८० उरले असते. याशिवाय १० हजार रुपयांपेक्षा मोठी रक्कम जिंकली तर त्यातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०२१ मध्ये बंगळुरू टर्फ क्लबच्या प्रकरणात हा पूर्ण रकमेवरचा कर चुकीचा ठरवला होता. क्लब हा फक्त कमिशनवर काम करणारा मध्यस्थ आहे, हा तिथला मुद्दा होता. पण २०२३ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पूर्ण रकमेवरच्या करासाठी कॅसिनो, ऑनलाइन गेम आणि घोड्यांच्या शर्यती एका पंक्तीला बसल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्या गटाला ४० टक्के दर लागला.

“जुगारावर कर जास्तच हवा”

हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पैजेपायी घरं उद्ध्वस्त झालेली माणसं आहेत, आणि सरकारने त्यावर कर लावू नये असं कोणीही म्हणणार नाही.

पण आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या खटल्यात स्पष्ट केलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. घोड्याचं कूळ, आधीची कामगिरी, अंतर, जॉकी, मैदान ओलं की कोरडं, आणि हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना जवळपास सारखी संधी देण्याची पद्धत, हे सगळं अभ्यासून अंदाज बांधता येतो. लॉटरीच्या तिकिटात अभ्यासाला जागाच नाही. शिवाय लॉटरीला तिकीट छापण्याचा खर्च येतो, रेसला तीनशे पासष्ट दिवस जिवंत जनावर सांभाळावं लागतं. दोघांना एकाच मापाने मोजणं मला तर्काला धरून वाटत नाही.

दुसरं, कर जास्त असला म्हणून पैज थांबत नाही. ती जागा बदलते. फोनवरचा बेकायदा बुकी जीएसटी घेत नाही, आयकर कापत नाही, पावती देत नाही. शंभराच्या पैजेला एकशे चाळीस मोजायचे की शंभर, हा निर्णय घ्यायला माणसाला वेळ लागत नाही. अशा बुकीकडे गेलेल्या पैशातून सरकारला काही मिळत नाही, क्लबला मिळत नाही, सईसालाही मिळत नाही.

आणि कर कमी करा असं म्हणणं हा एकच मार्ग आहे असंही नाही. हाँगकाँगने २००६ मध्ये शर्यतींवरचा कर एकूण पैजांवरून काढून, बक्षिसं वाटून उरलेल्या रकमेवर नेला. दर किती? ७२.५ ते ७५ टक्के. आपल्या ४० टक्क्यांच्या जवळजवळ दुप्पट. तरीही तिथे आधी अनेक वर्षं घसरत चाललेली कायदेशीर उलाढाल पुन्हा सावरली. म्हणजे दर चढा ठेवूनही शर्यती जगू शकतात, फक्त कर उत्पन्नावर हवा. आपल्याकडे चर्चा २८ की ४० यावरच होत राहते आणि खरा मुद्दा बाजूला पडतो, याचं मला वाईट वाटतं.

कागदावरचा करार पुरेसा असतो का

२०५३ पर्यंतचा भाडेपट्टा म्हटल्यावर निश्चिंत वाटतं. मकाऊचं उदाहरण बघा. तिथल्या जॉकी क्लबचा सरकारशी २०४२ पर्यंत करार होता. तोटा वाढत गेला, क्लबने स्वतःच करार संपवायची विनंती केली आणि १ एप्रिल २०२४ला तो संपला. जमीन होती, करार होता, अठरा वर्षं शिल्लक होती. व्यवसाय नव्हता.

सिंगापूरची गोष्ट वेगळी. तिथे १८४३ पासून चाललेल्या शर्यती ५ ऑक्टोबर २०२४ला थांबल्या, कारण सरकारला क्रांजी इथली सुमारे १२० हेक्टर जागा घरांसाठी हवी होती. पण तिथे निर्णय एक वर्षाहून जास्त आधी जाहीर झाला आणि घोडे हलवायला, माणसांना दुसरं काम शोधायला अवधी मिळाला. निर्णय आवडो न आवडो, पद्धत सभ्य होती.

आपल्या देशातलं चेन्नईचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. गिंडीचं रेसकोर्स १७७७चं. १९८६ मध्ये तमिळनाडूने तिथला क्लब ताब्यात घेण्याचा कायदा केला. वर उल्लेख केलेल्या १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे क्लब घटनेच्या कसोटीवर वाचला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये? सुमारे १६० एकरांचा भाडेपट्टा सरकारने रद्द केला, ७३० कोटी रुपयांची भाड्याची थकबाकी दाखवून, आणि मैदानाला सील ठोकलं. जे कायदा करून जमलं नाही ते भाडेपट्ट्याच्या एका कलमाने साधलं. बंगळुरूतही तेच सावट आहे. तिथल्या क्लबचा भाडेपट्टा २००९ मध्ये संपला आणि तेव्हापासून वाद न्यायालयांत आहे.

शिंगरू आज, डर्बी पाच वर्षांनी

रेसकोर्स बंद व्हायच्या कितीतरी आधी ते मरायला लागतं. हे समजायला स्टड फार्मवर जावं लागेल, म्हणजे जिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते तिथे. महाराष्ट्रात अशा फार्मचा मोठा पट्टा पुणे जिल्ह्यात आहे.

घोडी अकरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर ते विकलं जायला साधारण दोन वर्षं, शर्यतीत उतरायला दोन-अडीच ते तीन वर्षं. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची. शर्यतीच्या हिशोबात सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात आणि डर्बी असते फेब्रुवारीत. म्हणजे फार्मच्या मालकाने यंदा घोडी लावली, म्हणजे गाभण करवली, तर तिचं शिंगरू डर्बीत धावेल ते आजपासून पाच वर्षांनी. त्याला आजच ठरवायचं आहे की पाच वर्षांनी शर्यती असतील का, स्टेक किती असेल, कर किती असेल. कोणालाच सांगता येत नसेल तर तो काय करेल? घोड्या कमी लावेल. त्याचा परिणाम महालक्ष्मीला तीन-चार वर्षांनी दिसेल, आणि तेव्हा तो उलटवायला पुन्हा तितकीच वर्षं लागतील. अनिश्चितता ही इथे बंदीइतकीच घातक ठरते.

या कामातले हात पटकन दुसरीकडे वळत नाहीत. सईस पहाटे घोडा फिरवतो, मालिश करतो, पायावर हात फिरवून सूज ओळखतो. हे कसब बापाकडून मुलाकडे आलेलं असतं. नालबंदाचं तसंच. शहरात दुसरा घोडा आहे कुठे, की तो तिकडे कामाला जाईल? क्लबच्या सभासदांना दुसरे क्लब मिळतील. या माणसांच्या पुनर्वसनाबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते.

जाता जाता एक गोष्ट. १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली ती घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबातून. धनुर्वात आणि सर्पदंशावरची प्रतिविषं घोड्यांच्या रक्तातून तयार होतात आणि निवृत्त घोडे त्यासाठी दिले जात. एका व्यवसायातून दुसरं काय उगवेल हे आधी सांगता येत नाही.

“श्रीमंतांच्या करमणुकीसाठी लोकांची जमीन का?”

सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. सरकारी जमिनीवर सभासदांचा क्लब, जमिनीच्या बाजारभावाशी न जुळणारं भाडं, आत जायला पोशाखाचे नियम. कोणाच्याही मनात राग येईल. म्हणूनच १२० एकर लोकांना मिळण्याच्या मी बाजूने आहे.

पण रेसकोर्समुळे शहराला एक गोष्ट मिळाली, जी कोणी ठरवून दिली नव्हती: जवळजवळ १४० वर्षं ही जमीन न बांधलेली राहिली. शर्यतीला मोकळं मैदान लागतंच. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जमिनींवर काय झालं ते लोअर परळच्या कोणत्याही पुलावर उभं राहून पाहता येतं. सकाळी इथे फिरायला, धावायला येणाऱ्यांत सभासद नसलेले लोक असतात. २०२० मध्ये कोविडचं मोठं केंद्र इथे उभारता आलं, कारण जागा मोकळी होती. आणि हा सगळा भाग सखल आहे. पावसाचं पाणी पिऊन घेणारी माती इथे किती उरते, याच्याशी आसपासच्या वस्त्यांचा थेट संबंध आहे.

म्हणून उद्यान म्हटल्यावर विचारायचं ते हे: जमिनीखाली काय बांधणार? वाहनतळ, क्रीडासंकुल असं काही खाली आलं तर वर दिसायला हिरवळ असते, पण स्लॅबवरच्या वीतभर मातीत मोठं झाड मूळ धरत नाही आणि पाणीही मुरत नाही. नकाशावर दोन्ही हिरवंच रंगवतात.

“मग शर्यती शहराबाहेर हलवा”

ऐकायला सोपं वाटतं. पण चांगली धावपट्टी तयार व्हायला वेळ लागतो. खालचे मातीचे थर, निचरा आणि गवत नीट बसावं लागतं, नाहीतर घोड्यांचे पाय मोडतात. त्याच्याजवळ तबेले, सरावाची पट्टी, दवाखाना, माणसांची घरं लागतात. एवढा खर्च करायला क्लबकडे पैसा हवा, आणि तो तर टोटमधूनच येतो. बंगळुरूतही शहराबाहेर नेण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे.

मुंबईच्या शर्यती पुण्याला हलवा, असंही सुचवलं जातं. पुण्याचं मैदान लष्कराच्या जमिनीवर आहे. तिथेही क्लब भाडेकरूच.

“आणि घोड्यांचे हाल?”

चाबूक, दुखापती, निवृत्तीनंतर टांग्याला किंवा लग्नाच्या वरातीला विकले जाणारे घोडे, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर कडक नियम हवेतच. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, धावतो मात्र जेमतेम काही वर्षं. उरलेल्या आयुष्याचा खर्च कोणी करायचा, याची जबाबदारी मालक आणि क्लबवर नियमाने टाकली पाहिजे. मात्र ज्यांना शर्यती बंद व्हाव्यात असं वाटतं, त्यांनीही हे लक्षात घ्यावं की पैसा आटून हळूहळू बंद पडणारं रेसकोर्स घोड्यांसाठी सगळ्यात वाईट. तेव्हा पहिली कात्री चंदी आणि डॉक्टरवर लागते. बंदच करायचं तर सिंगापूरसारखं, तारीख सांगून आणि प्रत्येक जनावराची सोय लावून.

९१ एकरांचा प्रश्न

आता समजा पूर्ण रकमेवरचा ४० टक्के कर असाच राहिला. टोट आटत गेला, स्टेक घटले, घोडे कमी झाले आणि २०५३च्या बऱ्याच आधी क्लबने हात टेकले. धावपट्टी उरली, घोडे नाहीत. त्या ९१ एकरांचं काय?

त्या वेळी शहरावर दडपण असेल, जागेची किंमत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल आणि बाजू मांडायला ना क्लब उरलेला असेल, ना सईस. मला ती वेळ यायला नको आहे. शर्यती टिकवायच्या असतील तर कराचा पाया बदलण्याची मागणी महाराष्ट्राने जीएसटी परिषदेत मांडावी. महाराष्ट्राला तिथे मत आहे आणि मुंबई-पुण्याची दोन्ही रेसकोर्सं याच राज्यात आहेत. शर्यती टिकवायच्या नसतील तर तेही उघडपणे सांगावं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी एक गोष्ट आजच कायद्याने पक्की करून घ्यायला हवी: शर्यती कोणत्याही कारणाने थांबल्या तर ते ९१ एकर उद्यानाला जोडले जातील आणि त्यांवर, वर किंवा खाली, बांधकाम होणार नाही. उद्यानाच्या आराखड्यावर हरकती-सूचना नोंदवणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ आपल्या अर्जात घालावी.